दोन उंचींवरचे कोळी आणि एक जुनं नाव: नव्या प्रजातीच्या वर्णनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उष्ण कटिबंधातल्या एका डोंगररांगेवरचं आहे. रांगेचं, माणसांचं आणि कोळ्याच्या पोटजातीचंही (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) नाव मी मुद्दाम देत नाही. पोटजात कळली की प्रजाती कळते, आणि प्रजाती कळली की माणसं ओळखू येतात. इथे मांडायचे आहेत ते निर्णय: कुठला बरोबर ठरला, कुठला नुसता नशिबानं निभावला आणि कुठला सरळ चुकला.

आम्ही तिघं होतो. जंगलात काम करणारी शोधछात्रा, नमुन्यांचा संग्रह सांभाळणारे संग्रहपाल आणि मी. माझ्याकडे मायक्रोस्कोपखालची तपासणी आणि रेखाटनं होती. चौथा होता वाटाड्या, त्या डोंगरात लहानाचा मोठा झालेला.

जंगल साधारण १,४०० मीटरपासून २,१०० मीटरपर्यंत चढत जातं. खाली उंच, सरळसोट झाडं. वर माथ्याकडे तीच झाडं खुजी आणि वाकडी होतात, खोडाचा इंचभर भागही शेवाळ आणि दगडफुलाशिवाय दिसत नाही आणि दुपारनंतर सगळं धुक्यात जातं. दर १,००० मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. म्हणजे आमच्या खालच्या आणि वरच्या ठिकाणांत ३ अंशांचा तरी फरक होता. तेव्हा हा आकडा आम्ही वहीत लिहिला आणि विसरलो. पुढे सगळा गुंता त्याच्याभोवतीच सुटला.

कोळी होता उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, ६,००० हून जास्त प्रजातींचं. हे कोळी सहसा शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी सावज हेरतात आणि झेप घेतात. आमचा कोळी जेमतेम ५ मिलिमीटरचा. जगात आजवर कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत. पन्नास हजारावी एप्रिल २०२२ मध्ये जागतिक कोळी सूचीत नोंदली गेली आणि तीही याच कुळातली, दक्षिण अमेरिकेतली होती.

पहिल्या हंगामात पकडण्याची रीत साधी होती. फांदीखाली उलटी छत्री धरायची, काठीनं फांदीवर दोन-तीनदा ठोकायचं आणि छत्रीत जे पडेल ते कुपीत घ्यायचं. दहा दिवसांत माथ्यावर पाच नर मिळाले, मादी एकही नाही. उतारावर १,५०० मीटरच्या आसपास तीन माद्या मिळाल्या. आणखी एक नर होता, पण त्याची चिठ्ठी कुपीच्या आत टाकायची सोडून बाहेर चिकटवली होती आणि ती ओल्या पिशवीत सुटून पडली. तो कुठल्या उंचीवरचा हे सांगता येईना. ठिकाण नसलेला नमुना वर्णनात वापरता येत नाही, म्हणून "तसलाच सहावा" असं म्हणून आम्ही त्याला कपाटात ठेवला. पिल्लं पुष्कळ पडली होती. ती सोडून दिली, कारण कोळ्याच्या पिल्लावरून प्रजाती ओळखता येत नाही.

प्रश्न नेमका काय होता

कोळ्यांची ओळख जननांगांवरून पटते. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. प्रौढ नरात त्यांची टोकं फुगलेली असतात. हे पाल्प वृषणाला जोडलेले नसतात. नर आधी रेशमाचं एक छोटं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तो पाल्पमध्ये ओढून घेतो. पाल्पच्या टोकाच्या बारीक नळीतून, म्हणजे एम्बोलसमधून, ते मादीत जातं. मादीच्या पोटाखाली त्यासाठी एक कठीण तबकडी असते, एपिगाइन. तिच्यातल्या छिद्रांतून आत वाटा जातात आणि शुक्रकोषांपाशी संपतात. प्रजातीगणिक हे दोन्ही अवयव वेगळे असतात. रंग मात्र फसवतो, आणि अल्कोहोलमध्ये तो उतरतोही.

आमच्या नरांचा पाल्प त्या पोटजातीतल्या कुठल्याच ज्ञात नराशी जुळेना. माद्या मात्र एका जुन्या नावाच्या जवळ जात होत्या. त्या नावाची प्रजाती १९व्या शतकात याच रांगेतून वर्णिली गेली होती, फक्त मादीवरून. वर्णन लॅटिनमध्ये, काही ओळींचं. चित्र एकच, पोटावरच्या नक्षीचं. एपिगाइनचं चित्र नाही. ठिकाण म्हणून रांगेचं नाव, उंची नाही. नर कुणी कधी पाहिलेला नव्हता.

हे जुनं साहित्य आता हाताशी आहे हे खरं. बर्नच्या निसर्गसंग्रहालयाकडून चालवली जाणारी जागतिक कोळी सूची उघडली की प्रत्येक नावापुढे कुठलं लिंग ज्ञात आहे ते दिसतं आणि मूळ लेखही वाचता येतो. कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांनी उभं केलेलं हे काम २०१४ मध्ये बर्नकडे आलं. माझ्या मते या शास्त्रात आपल्या पिढीला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. पण जुन्या लेखकानं जे काढलंच नाही, ते सूचीत कुठून येणार?

तर प्रश्न असा: माथ्यावरचे नर आणि उतारावरच्या माद्या एकाच प्रजातीच्या का? असतील, तर ती जुनी नावाची प्रजाती की नवी? नसतील, तर नवी कुठली?

समोरचे पर्याय

सगळ्यांत सोपं होतं ते नर आणि मादी एकत्र करून नवी प्रजाती जाहीर करणं. एक रांग, एक हंगाम, एक पोटजात आणि दोन्ही लिंगं हातात. परीक्षकांनाही दोन्ही लिंगांचं वर्णन आवडतं. खरं सांगायचं तर माझा अर्धा मसुदा असाच तयार झाला होता. त्यात मी होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, म्हणून एक मादी निवडली होती, कारण तिचे आठही पाय शाबूत होते.

दुसरा पर्याय उलटा: माद्या जुन्या प्रजातीच्या माना आणि माथ्यावरचे नर हे त्याच प्रजातीचे आजवर न सापडलेले नर म्हणून प्रसिद्ध करा. यात नवं नाव नाही, म्हणून हा पर्याय नम्र आणि सुरक्षित वाटतो. संग्रहपालांचा सुरुवातीला याकडेच कल होता. पण जोडी चुकीची लावली तर चूक तितकीच मोठी, फक्त कमी दिसणारी.

तिसरा: फक्त नरांवरून नवी प्रजाती वर्णन करायची, माद्यांबद्दल गप्प राहायचं. नियमांत हे बसतं. एकाच लिंगावरून वर्णिलेल्या हजारो प्रजाती सूचीत आहेत. पण आमची सगळी अडचणच अशा एका जुन्या वर्णनातून उभी राहिली होती. तेच पुढच्या माणसासाठी मागे ठेवायचं का?

चौथा: थांबायचं. जुना टाइप नमुना, म्हणजे जुनं नाव ज्याच्यावरून दिलं तो मूळ नमुना, पाहायचा, डीएनए करायचा, आणखी एक हंगाम जंगलात जायचं.

थांबणं म्हणायला सोपं असतं. अनुदान संपायला आठ महिने होते. डोंगराच्या कुशीतून जाणारा रस्ता रुंद करायची योजना होती आणि तिच्या पर्यावरण अहवालासाठी प्राण्यांच्या याद्या मागवल्या होत्या. नाव नसलेल्या प्राण्याला अशा यादीत "अमुक पोटजात, प्रजाती १" एवढीच जागा मिळते, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीसाठीही त्याचं मूल्यमापन अपवादानंच होतं. शिवाय दुसरा एक अभ्यासगट त्याच रांगेत काम करत असल्याचं कानावर आलं होतं. प्राणिनामकरणात अग्रक्रमाचा नियम आहे: एकाच प्रजातीला दोन नावं पडली तर सहसा आधीचं टिकतं.

पहिली अडवणूक

मसुदा मी शोधछात्रेला वाचायला दिला. नराचं चित्र आणि मादीचं चित्र तिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, "सर, एवढी लांब नळी या एवढ्याशा वाटेत मावेल कशी?"

आमच्या नराची नळी केसासारखी बारीक होती आणि पाल्पच्या फुगीर भागाभोवती एक पूर्ण वेढा घेऊन वर आणखी थोडी गेलेली होती. मादीच्या आतल्या वाटा आखूड आणि रुंद, छिद्रापासून जवळजवळ थेट शुक्रकोषात. लांब नळीचा नर आणि लांब, वळणांच्या वाटांची मादी अशी जोडी कोळ्यांत पुष्कळदा दिसते. कुलूप-किल्लीची ही कल्पना लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्येच मांडली होती. ती सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, पण इथे चित्रं समोर असताना ती मला सुचली नव्हती. दोन्ही चित्रं मीच काढली होती, पण महिन्याच्या अंतरानं, दोन वेगळ्या कागदांवर.

त्या संध्याकाळी मसुदा बाजूला ठेवला. पुढच्या सगळ्या कामात मला हा क्षण निर्णायक वाटतो. थांबायचं ठरलं, आणि अहवालासाठी तेवढ्यापुरती "प्रजाती १" आणि "प्रजाती २" अशी नोंद ठिकाण आणि उंचीसह दिली.

टाइप नमुना

जुना टाइप नमुना युरोपातल्या एका संग्रहालयात होता. तो पाठवायला त्यांनी नकार दिला. नमुना दीडशे वर्षांच्या आसपासचा, ठिसूळ, आणि टपालात फुटला तर त्या नावाचा एकमेव आधार कायमचा गेला, त्यामुळे नकार योग्यच होता. आधी फोटो आले. त्यांत एपिगाइन बाहेरून दिसत होतं, आतल्या वाटा नाहीत. आतलं पाहायचं तर ते सुईनं अलगद सोडवून पारदर्शक करावं लागतं आणि आजवर कुणी ते केलेलं नव्हतं. आम्ही कारण लिहून पाठवलं, सोबत आमची दोन्ही चित्रं. काही आठवड्यांनी तिथल्या अभिरक्षकांनी ते काम स्वतः केलं, सुटलेला तुकडा छोट्या कुपीत घालून नमुन्यासोबतच ठेवला आणि आतल्या बाजूचा फोटो पाठवला.

आखूड, रुंद वाटा. उतारावरच्या आमच्या माद्यांसारख्याच, शुक्रकोषाच्या बाहेरच्या कडेला असलेल्या खाचेसकट.

म्हणजे उतारावरची मादी जुन्या नावाची. माझा पहिला मसुदा छापला गेला असता तर काय झालं असतं ते इथे स्पष्ट होतं. प्रजातीचं नाव कायम होलोटाइपला बांधलेलं असतं. मी मादीला होलोटाइप केलं होतं. ते नवं नाव जुन्या नावाचं कनिष्ठ समनाम, म्हणजे त्याच प्रजातीला नंतर पडलेलं दुसरं नाव, ठरून बाद झालं असतं, आणि माथ्यावरचा खरोखर नवा प्राणी बिननावाचाच राहिला असता.

डीएनएनं काय सांगितलं, काय नाही

२००३ पासून प्राण्यांच्या ओळखीसाठी सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा बारकोडसारखा वापरला जातो. आम्ही दोन नर आणि एक मादी निवडली, प्रत्येकी एक पाय काढला. आमचे सगळे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये होते. आकार टिकवायला ते चांगलं, पण डीएनए त्यात हळूहळू तुटतो. त्यासाठी ९५ टक्के किंवा त्याहून कडक अल्कोहोल आणि शक्य तितका थंडावा हवा. एका नराचं काहीच हाती आलं नाही, दुसऱ्याचं अर्धवट आलं.

परवान्याचा पेचही होता. आम्हाला नमुने गोळा करायची परवानगी होती, ऊती देशाबाहेर पाठवायची नव्हती. जैविक साधनांच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ मध्ये अमलात आला त्यानंतर या गोष्टी काटेकोर झाल्या आहेत, आणि व्हायलाच हव्या होत्या. बाहेरची प्रयोगशाळा स्वस्त आणि जलद होती. आम्ही देशातल्याच प्रयोगशाळेत काम केलं, दोन महिने जास्त लागले.

नर आणि मादी यांच्यात जवळजवळ एक दशांश अक्षरं वेगळी निघाली. शोधछात्रेला वाटलं, आता प्रश्न मिटला. मला तसं वाटेना. एवढा फरक बहुतेक वेळा दोन प्रजाती दाखवतो हे खरं, पण डोंगरमाथे बेटांसारखे असतात. एकाच प्रजातीचे कळप वेगवेगळ्या माथ्यांवर दीर्घकाळ अलग पडले तरी या जनुकात खोल फरक साचतो. सगळ्या कोळ्यांना लागू पडेल असा ठरावीक टक्का नाही. आणि आमच्याकडे एका बाजूचा एक अर्धवट क्रम, दुसऱ्या बाजूचा एक. एवढ्यावर नाव उभं करणं मला पटेना. हा वाद आमच्यात बरेच दिवस चालला. शेवटी ठरलं ते असं: डीएनएचा पुरावा साक्षीला घ्यायचा, निकाल शरीररचनेनं आणि जंगलानं द्यायचा.

दुसरा हंगाम

निघण्याआधी वाटाड्याशी बोललो. वर माद्या का मिळत नाहीत असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही फांद्या झोडता. त्या खोडावर असतात, सालीच्या खपलीखाली. आणि खाली तुम्ही उशिरा येता. तिथे ऊब आधी येते."

चार वाक्यांत त्यानं आमचा सगळा आराखडा सुधारला. उडी मारणाऱ्या कोळ्यांत नर सहसा माद्यांच्या आधी प्रौढ होतात, मादीच्या शोधात भटकतात आणि लवकर मरतात. उतारावर ऊब आधी, म्हणून तिथे आम्ही पोहोचेपर्यंत नर संपलेले आणि माद्या प्रौढ. माथ्यावर सगळं उशिरा, म्हणून नर भटकत होते आणि माद्या अजून शेवटची कात टाकायच्या होत्या. म्हणजे पहिल्या हंगामात "पिल्लं" म्हणून जी सोडून दिली, त्यांत माथ्याच्या माद्या होत्या. एकाच आठवड्यात दोन उंचींवर आम्ही दोन वेगळे हंगाम पाहत होतो आणि त्यांची जोडी लावत होतो.

या वेळी उतारावर तीन आठवडे आधी गेलो. दोन नर मिळाले. भिंगातूनच दिसलं की त्यांची नळी आखूड आणि जाड आहे.

माथ्यावर खोडं तपासायला घेतली. चौथ्या दिवशी सकाळी वाटाड्यानं एका झाडाची सुटलेली खपली नखानं किंचित उचलून धरली. खाली रेशमाचा पांढरा कोष होता, नखाएवढा, दोन्ही टोकांना उघडा. त्याला लागून दुसरा, पातळ आणि घाईनं विणल्यासारखा. आतल्या कोषात मादी, पण तिच्या पोटाखाली अजून एपिगाइनची तबकडी नव्हती. शेजारच्या कोषात नर, पुढचे पाय दोन्ही कोषांच्या मधल्या पडद्यावर टेकवून बसलेला. या कुळातल्या बऱ्याच प्रजातींचे नर असं करतात: प्रौढ व्हायला आलेल्या मादीशेजारी घर बांधतात आणि तिनं कात टाकेपर्यंत वाट पाहतात. आधी फोटो काढले, मग दोघांना वेगवेगळ्या नळ्यांत घेतलं.

मादीला जिवंत ठेवलं. नळीत ओल्या कापसाचा बोळा आणि दोन दिवसांआड फळमाशी. पाच दिवसांनी तिनं खाणं बंद केलं आणि नळीच्या वरच्या टोकाला कोष विणला. अकराव्या दिवशी पहाटे कात पडलेली दिसली, आणि तिच्याशेजारी मादी, फिकट, पाय पसरलेली. एपिगाइन नीट कठीण होईपर्यंत आणखी तीन दिवस थांबलो. मग पारदर्शक करून पाहिलं: आतल्या वाटा लांब, बारीक, एकावर एक वळसे घेतलेल्या.

रेखाटनाच्या टेबलावर या वेळी चारही चित्रं एकाच कागदावर काढली. डाव्या बाजूला माथ्याचा नर आणि मादी, उजवीकडे उताराची जोडी. जोडीतल्या दोघांचा आणि उतारावरच्या नव्या नरांचा डीएनए कडक अल्कोहोलमधून स्वच्छ आला. माथ्याची मादी माथ्याच्या नराशी, उताराचा नर उताराच्या मादीशी.

वर्णन, नाव आणि नियम

एकाच लेखात दोन गोष्टी आल्या: माथ्याची नवी प्रजाती, दोन्ही लिंगांसह, आणि जुन्या प्रजातीचं पुनर्वर्णन, तिच्या नरासह पहिल्यांदाच. दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते, जरी अभिनंदन पहिलीचंच होतं.

होलोटाइप म्हणून खोडावरच्या कोषातला नर निवडला. डीएनएसाठी त्याचा एक उजवा पाय काढला होता आणि ते लेखात लिहिलं. डाव्या पाल्पला हात लावला नाही, कारण रिवाजानं चित्र डाव्या पाल्पचं काढतात. नमुने मूळ देशातल्याच राष्ट्रीय संग्रहात दिले. १९९९ नंतर वर्णिलेल्या प्रजातीचा होलोटाइप स्पष्टपणे ठरवणं आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते सांगणं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत बंधनकारक आहे. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांसाठी २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी आणि तिचा पुरावा लेखातच हवा. ही नोंदणी आम्ही शेवटच्या आठवड्यात धावपळीनं केली. ती राहिली असती तर सगळं काम होऊनही नाव वैध ठरलं नसतं.

संहितेतली एक गोष्ट कोळ्यांवर काम करणाऱ्याला सुखावते. प्राण्यांची वैध नावं १७५८ पासून मोजतात, पण कार्ल क्लेर्क यांचं कोळ्यांवरचं काम १७५७ चं. त्यासाठी संहितेनं मुद्दाम अपवाद केला आणि ते १ जानेवारी १७५८ रोजी प्रसिद्ध झालं असं धरलं.

नावावर फार वेळ गेला नाही. आम्हाला वाटाड्याचं नाव द्यायचं होतं. त्याला विचारलं. तो म्हणाला, "माझं नको, माथ्याचं द्या." माथ्याचं तिथल्या बोलीतलं नाव तसंच घेतलं, नाम म्हणून. विशेषण असतं तर लॅटिनच्या रीतीनं त्याचा शेवट पोटजातीच्या लिंगाशी जुळवावा लागला असता. नाम मूळ रूपात राहतं.

ठिकाण किती नेमकं छापायचं यावर मात्र बोललो. मोठ्या, रंगीत कोळ्यांच्या बाबतीत छापील ठिकाण म्हणजे चोरट्या व्यापाऱ्यांना पत्ता देणं. पोइसिलोथेरिया ही टॅरंटुला कोळ्यांची सगळी पोटजात २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये घ्यावी लागली ती याच व्यापारामुळे. आमचा ५ मिलिमीटरचा कोळी कुणी पाळायला नेणार नव्हता, आणि रस्त्याच्या अहवालासाठी नेमकं ठिकाणच उपयोगाचं होतं. अक्षांश-रेखांश पूर्ण दिले.

निष्पत्ती

पहिल्या कुपीपासून छापील पानापर्यंत अडीच वर्षं गेली. हे उशिराचं वाटेल, पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा झाल्यापासून तिचं वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, आणि ती बहुतांशी कपाटात.

दुसऱ्या गटाला आम्ही टाइप नमुन्याचा फोटो आल्यावर स्वतःहून पत्र लिहिलं. त्यांच्याकडे उतारावरच्या माद्या होत्या आणि त्यांचाही "नवी प्रजाती" असा मसुदा सुरू होता. तो त्यांनी थांबवला, नमुने पाठवले आणि पुनर्वर्णनात सहलेखक झाले. पत्र लिहू नये असं आमच्यात एकाचं मत होतं. लिहिलं नसतं तर एका जुन्या प्रजातीच्या माथी आणखी एक फालतू नाव बसलं असतं.

रस्त्याच्या अहवालात आता दोन नावं आहेत. माथ्याच्या प्रजातीपुढे तिची उंचीची पट्टी लिहिली आहे. एवढ्यानं रस्ता बदलला असं मी म्हणणार नाही, तो निर्णय अजून व्हायचा आहे. पण माथ्यावरच्या प्राण्याला वातावरण तापल्यावर वर सरकायला जागा नसते, हे तिथे पहिल्यांदा एका नावानिशी नोंदलं गेलं.

पुन्हा करायचं झालं तर

टाइप नमुन्याची विचारणा पहिल्या महिन्यात करायची. आम्ही ती पाचव्या महिन्यात केली, आधी स्वतःची चित्रं सुंदर व्हावीत म्हणून. पाठवायला कच्ची चित्रंही पुरली असती.

जंगलातच प्रत्येक नमुन्याचा एक पाय कडक अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, बाकी शरीर ७० टक्क्यांत. जिवंत असतानाचा एक तरी फोटो घ्यायचा. माथ्याच्या नराच्या चेहऱ्यावर तांबूस केसांची पट्टी आहे. पहिल्या हंगामाच्या पाचही नमुन्यांत ती अल्कोहोलमध्ये इतकी उतरली होती, की माझ्या पहिल्या मसुद्यात "चेहरा करडा" असं लिहिलेलं आहे.

शेवटच्या कातीच्या उंबरठ्यावरच्या माद्या सोडायच्या नाहीत, दोन-चार वाढवायच्या. नळी, कापूस आणि माश्या एवढंच लागतं.

वाटाड्याला सहलेखक करायला हवं होतं. आम्ही त्याचे आभार मानले, तेही शेवटच्या परिच्छेदात. हंगाम उंचीप्रमाणे सरकतो हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्याचा होता, आणि तो आमच्या नावावर छापला गेला. ही चूक आता दुरुस्त होत नाही. पुढच्या लेखात त्याचं नाव लेखकांत आहे.

आणि तो सहावा नर. लेख छापून आल्यावर कपाट आवरताना संग्रहपालांनी ती कुपी माझ्याकडे आणून दिली, टाकायची का विचारायला. मी सवयीनं मायक्रोस्कोपखाली धरली. नळी आखूड आणि जाड होती. उताराचा नर, हंगामाच्या शेवटी उरलेला. पहिल्या दिवसापासून तो आमच्याकडे होता आणि त्याच्या पाल्पकडे कुणी एकदाही पाहिलं नव्हतं. ठिकाण नसल्यामुळे तो वर्णनात वापरता आला नसता, पण माथ्याच्या नराशेजारी ठेवला असता तर नर दोन प्रकारचे आहेत हे त्याच आठवड्यात कळलं असतं. आता त्या कुपीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे: प्रजातीचं नाव, रांगेचं नाव, "उंची अज्ञात".